फिरते गुरु आणि फिरते शिष्य : अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉल

शरद ऋतूंतला शनिवार उजाडला, कीं अमेरिकेंतील कित्येक विद्यापीठांच्या गांवांचें रूप पालटतें. आठवडाभर ग्रंथालयें, प्रयोगशाळा आणि व्याख्यानगृहें यांच्या शांततेंत नांदणारें गांव सकाळपासून मोटारींनीं भरून जातें. विद्यार्थी, त्यांचे आईबाप आणि पन्नास वर्षांपूर्वीं पदवी घेऊन गेलेले वृद्ध गृहस्थ एकाच रंगाचे सदरे घालून क्रीडांगणाकडे लोटतात. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत एका वेळीं एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. महाराष्ट्रांतील ज्या घरांतलीं मुलें उच्च शिक्षणासाठीं तिकडे गेलीं आहेत, त्या घरांना ही शनिवारची जत्रा ऐकून तरी ठाऊक असेल. तेथला फुटबॉल मात्र इकडच्या फुटबॉलहून निराळा. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातांत घेऊन धांवावयाचें किंवा पुढें फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षानें अंगावर झेंप घालून अडवावयाचें. एका वेळीं खेळतात अकरा गडी. परंतु चढाईचे गडी वेगळे आणि बचावाचे वेगळे, म्हणून एका संघांत शंभराच्या आसपास विद्यार्थी असतात.

या मुलांच्या आणि त्यांना शिकविणाऱ्या प्रशिक्षकांच्या जीवनांत गेल्या कांहीं वर्षांत जी अस्थिरता आली आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. वरवर पाहतां प्रश्न खेळाचा दिसतो. मुळांत तो शिक्षणसंस्थेचा आहे. जेथें गुरु टिकत नाहीं, तेथें शिष्यानें कां टिकावें, असा हा प्रश्न आहे.

महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना १८६९ च्या नोव्हेंबरांत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन संस्थांमध्यें झाला. पुढें हा खेळ इतका आडदांड झाला, कीं मैदानावर तरुणांचे प्राण जाऊं लागले, आणि १९०५ सालीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून समज द्यावी लागली. त्यानंतर १९०६ सालीं जी नियामक संस्था जन्मास आली, तीच पुढें ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. खेळाडू हा विद्यार्थी आहे, सबब त्यानें खेळण्याबद्दल वेतन घेऊं नये, हें या संस्थेचें आद्य तत्त्व. प्रशिक्षकाला असें कोणतेंच बंधन नव्हतें. पुढची सर्व कथा या एका विषमतेंतून निघालेली आहे.

जुन्या काळीं ही विषमता फारशी जाणवत नसे. कारण प्रशिक्षक हा संस्थेच्या इमारतीइतकाच अचल असे. शिकागो विद्यापीठांत ॲमॉस अलोन्झो स्टॅग हे १८९२ पासून १९३२ पर्यंत एकाच जागीं राहिले. लुइझियाना राज्यांतील ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्थेंत एडी रॉबिन्सन यांनीं १९४१ सालीं जीं सूत्रें हातीं घेतलीं, तीं १९९७ सालीं खालीं ठेविलीं. बापापाठोपाठ मुलानेंहि त्याच गुरूच्या हाताखालीं खेळावें, इतका हा काळ मोठा. अशा ठिकाणीं मुलगा विद्यापीठ निवडी तेव्हां गुरूहि निवडी, आणि ती निवड सहसा फसत नसे.

दूरचित्रवाणीच्या पैशानें हें चित्र बदललें. सामने दाखविण्याच्या हक्कांपोटीं विद्यापीठांच्या गटांना अफाट रकमा मिळूं लागल्या. विद्यार्थ्याला वेतन द्यावयाचें नाहीं, तेव्हां तो पैसा प्रशिक्षकांच्या वेतनाकडे आणि भव्य इमारतींकडे वळला. आज अमेरिकेच्या अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसून सरकारी विद्यापीठाचा क्रीडाप्रशिक्षक असतो. पगार वाढला तशी अपेक्षा वाढली, आणि अपेक्षा वाढली तसा धीर आटला. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानें २०१७ सालीं जिंबो फिशर यांच्याशीं दहा वर्षांचा, साडेसात कोटि डॉलरचा करार केला. २०२१ सालीं तो आणखी वाढविला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें त्यांना मध्येंच काढून टाकिलें. करार मोडल्याबद्दल त्यांना देणें निघालेली रक्कम पुनः साडेसात कोटि डॉलरांहून अधिक होती. न शिकविण्यासाठीं एवढी दक्षिणा कोणत्याहि आचार्याला पूर्वीं मिळाली नसेल! २०२५ च्या ऑक्टोबरांत तर पेन स्टेट, फ्लॉरिडा आणि लुइझियाना स्टेट या तीन मोठ्या विद्यापीठांनीं लागोपाठच्या तीन रविवारीं आपापल्या प्रशिक्षकांना निरोप दिला.

एक खुर्ची रिकामी झाली म्हणजे किती ठिकाणीं उलथापालथ होते, याचें बोलकें उदाहरण जानेवारी २०२४ मध्यें घडलें. अलाबामा विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक निक सेबन हे १० तारखेस निवृत्त झाले. दोनच दिवसांत त्यांच्या जागीं वॉशिंग्टन विद्यापीठाचे कॅलेन डीबोअर आले. राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना खेळून त्यांना अद्याप आठवडाहि झाला नव्हता. वॉशिंग्टननें ॲरिझोनाचे जेड फिश यांना उचललें. ॲरिझोनानें सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन यांना. आणि सॅन होजेनें केन न्यूमाटलोलो यांना बोलाविलें. एक वृद्ध गृहस्थ घरीं बसले, आणि चार विद्यापीठांतल्या शेंकडों विद्यार्थ्यांचे गुरु एका महिन्यांत बदलले. त्या वेळच्या नियमाप्रमाणें ज्या संघाचा प्रशिक्षक जाई, त्याच्या विद्यार्थ्यांना संस्था बदलण्यासाठीं तीस दिवसांची मुभा मिळे. अलाबामाचा नांवाजलेला बचावपटु केलेब डाउन्स याच मुदतींत ओहायो स्टेटला निघून गेला.

ही मुभा विद्यार्थ्यांना पूर्वीं नव्हती. १९७३ पासून खेळाडूची शिष्यवृत्ति एकेका वर्षाचीच करण्यांत आली. ती पुढें चालूं ठेवावयाची कीं नाहीं, हें बहुधा प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून राही. विद्यार्थ्यानें दुसरी वाट धरावयाची म्हटलें, तर दुसऱ्या संस्थेशीं बोलण्यास प्रथम जुन्या संस्थेची परवानगी हवी. आणि ती मिळूनहि नव्या ठिकाणीं फुटबॉलपटूला सामान्यतः एक वर्ष न खेळतां काढावें लागे. गुरु मात्र आज येथें तर उद्यां तेथें! विंचवाप्रमाणें त्याचें बिऱ्हाड पाठीवर. ज्याच्या शब्दावर विसंबून मुलगा घर सोडून आला, तो गुरु पहिल्याच वर्षीं निघून गेला, तरी मुलानें जागचें हलावयाचें नाहीं, हा न्याय कोणालाहि पटण्याजोगा नव्हता.

बदल क्रमाक्रमानें झाला. ऑक्टोबर २०१८ मध्यें ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नांवाची संगणकीय नोंदवही सुरू झाली. विद्यार्थ्यानें इच्छा कळवावी, संस्थेनें दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचें नांव त्या वहींत घालावें, आणि मग कोणत्याहि विद्यापीठानें त्याच्याशीं बोलावें. परवानगीचा प्रश्न उरला नाहीं. २०२१ सालीं प्रत्येक खेळाडूला एकदां, वर्ष न गमावतां, संस्था बदलण्याची सवलत मिळाली. डिसेंबर २०२३ मध्यें वेस्ट व्हर्जिनियांतील संघीय न्यायालयानें उरलेल्या निर्बंधास मनाई केली, आणि एप्रिल २०२४ मध्यें नियामक संस्थेनें, अभ्यास समाधानकारक असल्यास कितीहि वेळां संस्था बदलण्यास मोकळीक दिली. त्याच सुमारास पैशाचें दारहि उघडलें. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपलें नांव आणि छबि यांच्या उपयोगाबद्दल मोबदला घेतां येऊं लागला, आणि जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीप्रमाणें प्रत्येक विद्यापीठास आपल्या सर्व खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलर थेट देण्याची मुभा मिळाली.

बांध फुटल्यावर पाणी धांवावें, तसे विद्यार्थी धांवले. २०२१ च्या अखेरीस लिंकन रायली हे ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले. त्यांच्या मागोमाग त्यांचा शिष्य केलेब विल्यम्स गेला, आणि पुढच्याच वर्षीं त्यानें सर्वोत्तम खेळाडूचा हाइस्मन पुरस्कार मिळविला. कोलोराडो विद्यापीठानें २०२२ सालीं बारांपैकीं अकरा सामने गमावले. नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांनीं एकाच हंगामांत पन्नासाहून अधिक खेळाडू बाहेरून आणिले. जुन्यांपैकीं बहुतेकांना वाट धरावी लागली. २०२४ सालीं त्याच कोलोराडोनें तेरांपैकीं नऊ सामने जिंकले. इंडियाना विद्यापीठ तर पराभवासाठींच प्रसिद्ध. तेथें २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी आले, आपल्या जुन्या संस्थेंतील डझनभर शिष्य बरोबर घेऊन आले, आणि जानेवारी २०२६ मध्यें इंडियाना राष्ट्रीय विजेतें झालें. तेव्हां या मोकळिकेनें केवळ हानिच झाली, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. जो गुणी मुलगा एका ठिकाणीं वर्षानुवर्षें बाकावर बसून राहिला असता, त्याला दुसरीकडे संधि मिळाली. आणि दुबळ्या संघालाहि डोकें वर काढतां आलें.

परंतु यशाच्या या कथा मोजक्यांच्या आहेत. नोंदवहींत नांव घालणारे हजारों असतात. दुरून डोंगर साजरे दिसतात, पण नांव घातलेल्या प्रत्येकाला दुसरें विद्यापीठ बोलावीत नाहीं. एकदां नांव नोंदविलें, कीं चालू सत्र संपतांच जुन्या संस्थेस त्याची शिष्यवृत्ति बंद करतां येते. अशा वेळीं मुलगा ना घरचा ना घाटचा होतो. अभ्यासाचें गणित तर त्याहून बिकट. नियमाप्रमाणें खेळाडूनें दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याच्या अखेरीस ६० टक्के आणि चौथ्याच्या अखेरीस ८० टक्के अभ्यासक्रम पुरा केलेला असावा लागतो. एका विद्यापीठांत उत्तीर्ण केलेले विषय दुसरें विद्यापीठ सर्वच मान्य करील असें नाहीं. मग मुलगा आपल्या आवडीचें शास्त्र सोडून, जेथें जुने विषय जमेस धरले जातील अशी सोयीची पदवी निवडतो. आणि ज्या धंदेवाईक खेळाच्या आशेनें हें सारें करावयाचें, तेथें पोंचणारे किती? नियामक संस्थेच्याच अंदाजाप्रमाणें, निवडीस पात्र झालेल्या शंभर महाविद्यालयीन खेळाडूंपैकीं दोघेहि धंदेवाईक संघांच्या निवडींत येत नाहींत. बाकीच्या अठ्याण्णवांना जन्मभर त्या पदवीवरच पोट भरावयाचें असतें. शिवाय प्रशिक्षकाला अनुभवी, तयार गडी बाजारांत मिळूं लागल्यामुळें शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला घडविण्याची गरजच त्याला कमी वाटूं लागली आहे.

यावर विद्यार्थ्यांच्या लोभाला दोष देणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट आठवावी. मिसिसिपी विद्यापीठाच्या संघानें बारांपैकीं अकरा सामने जिंकले होते आणि राष्ट्रीय स्पर्धेची बाद फेरी तोंडावर आली होती. ऐन त्या वेळीं प्रशिक्षक लेन किफिन हे लुइझियाना स्टेटची नोकरी पत्करून चालते झाले. संघ उरलेले सामने त्यांच्यावांचून खेळला. ज्या शिष्यांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें, त्यांना निष्ठेचा पाठ कोणत्या तोंडानें द्यावयाचा? यथा राजा तथा प्रजा, हें वचन क्रीडांगणालाहि लागू आहे.

मागची बेडी पुनः विद्यार्थ्याच्या पायांत घालणें न्यायाचें नाहीं, आणि न्यायालयें तें होऊंहि देणार नाहींत. कांहीं व्यवस्था मात्र लावतां येईल. संस्था बदलण्याचा काळ आतां जानेवारींतील पंधरा दिवसांपुरता मर्यादित केला आहे. तसाच प्रशिक्षकांच्या नेमणुकांचा काळहि हंगाम संपेपर्यंत पुढें ढकलतां येईल. विद्यार्थ्याशीं दोन-तीन वर्षांचा, उभयपक्षीं बंधनकारक असा लेखी करार करतां येईल; आणि खेळाडू कोठेंहि गेला अथवा जायबंदी झाला, तरी त्याची पदवी पुरी करून देण्याची हमी त्या करारांत घालतां येईल. प्रशिक्षकाला काढून टाकण्यासाठीं कोट्यवधि डॉलर उभे करूं शकणाऱ्या विद्यापीठांना ही हमी जड जाण्याचें कारण नाहीं.

विद्यापीठाची प्रतिष्ठा शनिवारीं मिळालेल्या विजयांवर मोजण्याची रीत अमेरिकेंत दीडशें वर्षांची आहे, आणि ती एकाएकीं सुटणार नाहीं. पण ज्या मुलाचें नांव कोणत्याहि वर्तमानपत्रांत आलें नाहीं, जो दोनदां संस्था बदलून तिसरीकडे पोंचला, त्याच्या हातांत चार-पांच वर्षांनीं पदवी आहे कीं नाहीं, एवढें जरी प्रत्येक विद्यापीठानें दरसाल तपासून पाहिलें, तरी गुरु आणि शिष्य या दोघांनीं कोठें थांबावयाचें, याचें उत्तर त्याला आपोआप मिळेल.