मूळ गाव कोणतं?

नाशिकच्या रामकुंडावर पितरांचं कार्य करायला कुणी आलं की उपाध्ये आधी आडनाव विचारतात आणि लगेच मूळ गाव. सध्या कुठे राहता, नोकरी काय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तीन पिढ्या पुण्यात काढलेल्या माणसाने ‘पुणे’ म्हटलं तर ‘ते झालं हो, पण मूळचे कुठले?’ हे ठरलेलं. गाव आपल्याकडचं निघालं तर वही येते, नाहीतर ‘तुमचं अमक्यांकडे’ म्हणून दुसरं घर दाखवलं जातं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया अशा क्षेत्रांत यजमान गावांनी, जातींनी, आडनावांनी आधीच वाटलेले असतात. ही यजमानवृत्ती बापाकडून मुलाकडे येते आणि भाऊ वेगळे झाले की वह्यांचीही वाटणी होते. त्यामुळे आपल्या घराण्याचा लेख हवा असेल तर आधी उपाध्यायांचं घर शोधावं लागतं आणि त्यासाठी मूळ गाव ठाऊक असावं लागतं. घराण्याचा शोध घ्यायला निघालेले निम्मे लोक इथेच अडत असतील.

लेख म्हणजे वहीतली यजमानाची नोंद. स्वतःचं नाव, वडील, आजोबा, पणजोबा, सख्खे-चुलत भाऊ, मुलगे, पुतणे, गोत्र, गाव, आणि तीर्थाला आल्याची तिथी. लिहिता येणारा यजमान हे स्वतःच्या हाताने लिहितो आणि सही करतो. नसेल येत तर उपाध्ये लिहून घेतात. पुढच्या वेळी त्या घरातलं कुणी आलं की जुना लेख वाचून दाखवायचा, खाली नवा लिहून घ्यायचा. जुने लेख बहुतेक मोडीत असतात आणि तिथीबरोबर शक असतो. शकात 78 मिळवले की इसवी सन निघतो, जानेवारी ते गुढीपाडवा या काळात 79. पणजोबांचं मोडी अक्षर बघून माणसं हरखतात, ते स्वाभाविक आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की एकाच घरातल्या वेगवेगळ्या शाखांचे लोक वेगवेगळ्या वर्षी येऊन लिहून गेलेले असतात. एकाने गाळलेला चुलता दुसऱ्याच्या लेखात सापडतो.

पण ही वही कशासाठी ठेवली, हे विसरून ती वाचू नये. हे घराणं आमचं यजमान आहे, त्याची दक्षिणा आमची, याचा तो लेखी पुरावा. यजमानाच्या सहीला महत्त्व आलं ते त्यामुळे. म्हणून पुरुषांची ओळ अगदी नेटकी लागते, बायका आल्या तर आई आणि बायको म्हणून येतात, आणि लेकी बहुतेक गळतात. शिवाय तीर्थाला जाण्याइतका पैसा आणि सवड ज्यांना होती, त्यांचीच घराणी वहीत ठळक दिसणार. याच नाशकात काळाराम मंदिरात शिरता यावं म्हणून 1930 मध्ये डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला होता, एवढं आठवलं तरी वहीत कोण सापडेल आणि कोण नाही याचा अंदाज येतो.

हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांचं मायक्रोफिल्मवर चित्रण अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशावळ-संस्थेने 1970 च्या दशकात सुरू केलं. मॉर्मन पंथाच्या लोकांना आपल्या पूर्वजांची नावं धर्मकार्यासाठी लागतात, त्यापायी त्यांनी जगभरातली दप्तरं जमवली. हेतू त्यांचा, फायदा पंजाब-हरियाणातल्या घरांचा.

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात वही यजमानाची वाट बघत बसत नाही, तीच दारात येते. हेळवी ही वंशावळ सांगणाऱ्यांची भटकी जमात. पूर्वी ते बैलावर बसून येत. सुगी झाली की गावात मुक्काम, वाडवडिलांची नावं मोठ्याने म्हणून दाखवायची, मधल्या काळात झालेली मुलं वहीत चढवायची आणि त्याबद्दल धान्य-कपडा घ्यायचा. खानदेशात हेच काम भाट करतात. हेळव्याच्या तोंडची पहिली पिढी बऱ्याचदा कुठल्यातरी राजाला किंवा देवाला जाऊन भिडते. ती ऐकावी आणि सोडून द्यावी. पण अलीकडच्या पाच-सहा पिढ्या, कोण कोणत्या गावाहून उठून इथे आला, कोणता भाऊ कुठे स्थायिक झाला, हा भाग गंभीरपणे घ्यावा. माणसं गाव का सोडतात, हे सरकारी कागद सहसा सांगत नाही. हेळवी सांगतो.

सरकारी कागदाकडे मराठी माणूस एवढ्यात जो वळला तो हौसेने नव्हे. जातीचा दाखला काढायचा तर नाते सिद्ध करणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लागते आणि ठराविक मानीव दिनांकाआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्यात 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले वर्षानुवर्षं न सुटलेले बस्ते सुटले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, इतक्या लोकांनी एकाच वेळी पणजोबा शोधल्याचं महाराष्ट्रात दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

या कागदांतला माझ्या मते सर्वांत न्यायी कागद म्हणजे गाव नमुना 14, बोलण्यात ‘कोतवाल बुक’. गावातल्या जन्म-मृत्यूंची ही नोंदवही. इथे दक्षिणा नाही, वतन नाही. पाटलाच्या वाड्यातलं मूल आणि गावकुसाबाहेरचं मूल एकाखाली एक. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यू असेल तर कारण, तापाने, पटकीने, म्हातारपणाने. बाळाचं नाव मात्र पुष्कळदा नसतं, कारण नोंद बारशाआधीच झालेली. त्यामुळे ‘मुलगी’ एवढंच लिहिलेली ओळ आपल्या आजीची की तिच्या लहानपणीच गेलेल्या बहिणीची, हे मृत्यूच्या नोंदी जुळवूनच कळतं. आडनावही नसतं कित्येकदा. ‘राणू बिन सखाराम’, म्हणजे सखारामाचा मुलगा राणू, आणि बाई असेल तर ‘कोम’ लावून नवऱ्याचं नाव. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या चालीमुळे राणू बिन सखाराम आणि सखाराम बिन राणू आळीपाळीने येत राहतात. अशा वेळी दोन नावं पुरत नाहीत, तीन पिढ्या सलग लागल्याशिवाय हा आपलाच राणू म्हणू नये.

जमिनीचे कागद आणखी बोलके. जुनं कडई पत्रक खातेदार सांगतं, पण घरातली माणसं कळतात ती फेरफारात. खातेदार मयत झाला की वारसांची नावं लागतात: मुलगे, विधवा आणि मुली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे फेरफार मुद्दाम बघावेत. तीर्थाच्या वहीत नसलेल्या आत्या इथे लग्नानंतरच्या नावाने आणि सासरच्या गावासकट भेटतात. अनेकदा त्या भेटतात आणि पुढच्याच फेरफाराला हक्कसोड पत्र करून जातात. एका आत्याचं नाव सरकारदरबारी लागल्याचा एकुलता एक पुरावा म्हणजे तिने हिस्सा सोडल्याचा कागद, असं किती घरांत असेल! जमीन नसलेल्यांना हा मार्ग बंद असतो, पण अगदीच नाही. महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतनं 1958 च्या कायद्याने संपेपर्यंत त्यांच्या तक्षिमदारांच्या, म्हणजे हिस्सेदारांच्या, नोंदी होत होत्या आणि हिस्सा कुणाचा किती यावरून भाऊबंदकी उलगडते. कितीतरी जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार आता स्कॅन होऊन घरबसल्या मिळतात. मोडीतल्या पानांसाठी मात्र वाचणारा लागतोच.

शाळेचं जनरल रजिस्टरही बघावं, जन्मतारखेवर फार विसंबू नये. गेल्या शतकातला अर्धा महाराष्ट्र 1 जूनला जन्मलेला दिसतो, कारण मास्तरांनी प्रवेशाच्या वेळी वय अंदाजाने धरून ती तारीख टाकली. वतनदार, इनामदार घराण्यांसाठी पुण्याचं पुराभिलेखागार आहे. तिथल्या पेशवे दफ्तराचे रुमाल आणि इनाम कमिशनचे कागद यांत वतनाचा तंटा सापडला तर वंशावळ फुकट मिळते, कारण दोन्ही पक्ष ती मांडत. दोन्हींच्या वंशावळी जुळतीलच असं नाही. दत्तक आला की विशेष करून. गोव्यात वाट वेगळी: चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, कोमुनिदाद या गावसंस्थेतल्या गांवकारांची वांगडं म्हणजे कुळगट आणि देवळांच्या महाजनांच्या याद्या. देवळामुळे घराणं लागतं, मग माणूस आता मडगावात असो की कारवारला.

सगळ्यांत अवघड शोध मॉरिशसच्या मराठी लोकांचा. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारावर गेलेल्या मजुरांची दप्तरं आहेत: नंबर, जहाज, वय, जिल्हा, गाव, आणि 1860 च्या दशकापासून पुढे काहींचे फोटोसुद्धा. रत्नागिरीकडच्या माणसाने तोंडी सांगितलेलं गाव परक्या कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं, त्यामुळे जिल्हा कळतो आणि गावाशी अडतं. पणतूकडे पणजोबांचा फोटो आहे, जहाजाचं नाव आहे, मूळ गाव तेवढं नाही. अशा वेळी घरात चालत आलेलं कुळाचं दैवत विचारावं. देवीचं ठाणं ठाऊक असेल तर आसपासच्या वीस-पंचवीस गावांची यादी होते आणि मग तालुक्याला जाता येतं.

नाशिक-त्र्यंबकला पुढचा सिंहस्थ 2027 चा आहे. लेख बघायचा बेत असेल तर त्या गर्दीत जाऊ नये आणि पितृपक्षातही नको, कुणालाच वही चाळायची उसंत नसते. मूळ गाव, जुना तालुका, गोत्र, कुलदैवत आणि आजोबा-पणजोबांच्या सख्ख्या भावांची नावं एका कागदावर नेली तर उपाध्यायांचा वेळ वाचतो. फोटो काढण्याआधी त्यांना विचारावं, वही त्यांची आहे. आणि नवा लेख लिहायला ते पेन पुढे करतील तेव्हा मुलांच्या ओळीतच मुलींची आणि बहिणींचीही नावं सासरच्या गावासकट लिहून यावीत. जागा कमी आहे असं ते म्हणाले, तर अक्षर बारीक काढावं.