मोठ्या सेडानचे टायर घेताय? किंमत नंतर विचारा, आधी 'या' गोष्टी बघा

गावाकडे आता सेडान गाड्या बऱ्यापैकी दिसतात. शहरात चार-सहा वर्षे वापरलेली ऑक्टाव्हिया, कोरोला, सिटी किंवा व्हर्ना निम्म्याहून कमी किमतीत मिळते. गाडी ऐटबाज, इंजिन दणकट, वर मोठी मॅगव्हील. व्यवहार होतो, पेढे वाटले जातात. खरा दणका बसतो तो पहिल्यांदा टायर बदलायची वेळ आली की. लहान हॅचबॅकच्या चार टायरचं बजेट डोक्यात ठेवून दुकानात गेलेला माणूस १६ किंवा १७ इंची टायरचा भाव ऐकून गप्प होतो.

मग सुरू होतात पळवाटा. कोणी जुने टायर शोधतो, कोणी 'अजून एक पावसाळा निघेल' म्हणतो, कोणी दुकानदार देईल तो स्वस्त टायर बसवून घेतो. एरवी गावातल्या गावात हे चालूनही जातं. पण हीच गाडी समृद्धी महामार्गावर चढून शंभर-एकशेवीसने तासन् तास पळते, तेव्हा टायर दगा देतो. समृद्धीवर आरटीओच्या पथकांनी टायर तपासून खराब टायरच्या गाड्या माघारी पाठवल्याचेही प्रकार झाले आहेत.

कमी पैशात जास्त टिकणारा टायर मिळतो. त्यासाठी फक्त ब्रँडचं नाव आणि नगाचा भाव बघून भागत नाही. टायर घेताना काय काय बघायचं, ते क्रमाने समजून घेऊ.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूला २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं काहीतरी छापलेलं असतं. यातला २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, म्हणजे साधारण ११३ मिलिमीटर. १६ हा रिमचा इंच.

पुढचा ९१ हा वजनाचा कोड आहे. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलोपर्यंत भार पेलतो. शेवटचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत. कोणी म्हणेल, 'आपल्याला कुठं दोनशेने पळवायचीय?' बरोबर आहे. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसू शकतो, हेही सांगतं. मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीत दोन पोती घेऊन निघालेल्या गाडीला ही ताकद लागते. म्हणून गाडीच्या पुस्तकात जो वजनाचा आणि वेगाचा कोड दिलाय, त्याच्या खाली जाऊ नका. स्वस्तात देताना दुकानदार नेमका इथेच खालचा कोड देऊ शकतो.

१७ इंचावरून १६ वर येता येतं का?

मोठ्या सेडानच्या मालकांचे सगळ्यात जास्त पैसे वाचवणारा हा प्रश्न आहे, आणि तोच फार कमी जण विचारतात.

तीन साइज बघा. २२५/४५ आर १७, २०५/५५ आर १६ आणि १९५/६५ आर १५. आकडे वेगळे दिसतात, पण हिशेब केला तर तिन्ही टायरची बाहेरची एकूण उंची जवळपास सारखी, ६३ सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा आकडा बिघडत नाही. फरक पडतो तो रबराच्या भिंतीत. १७ इंचीत ही भिंत साधारण १०१ मिलिमीटर असते, १६ इंचीत ११३ आणि १५ इंचीत १२७.

आपल्या रस्त्यांवर हा एक-दोन सेंटिमीटरचा फरक फार मोठा आहे. खड्ड्यात चाक आदळलं की धक्का आधी रबराने झेलायचा असतो. भिंत बुटकी असेल तर रबर रिम आणि खड्ड्याच्या कडेच्या मध्ये चिमटतं. आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. रिमही वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो सरळ फेकावा लागतो. गावापासून तालुक्यापर्यंत रोज उखडलेल्या रस्त्याने जाणाऱ्याने १७ इंची बुटका टायर घेणं म्हणजे शोभेसाठी पैसे घालवणं आहे.

बऱ्याच गाड्यांत कंपनी स्वतःच खालच्या मॉडेलला लहान रिम देते. २०१७ च्या होंडा सिटीत खालच्या मॉडेलला १७५/६५ आर १५ आणि वरच्या मॉडेलला १८५/५५ आर १६ असा साइज होता. दोन्हीची बाहेरची उंची जवळपास एकच. तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर एकापेक्षा जास्त साइज दिलेले असतील, तर त्यातला लहान रिमचा साइज निवडता येतो. चांगल्या स्थितीतल्या जुन्या कंपनी रिम मिळाल्या आणि मोठी मॅगव्हील विकली, तर खर्चाचा बराच भाग निघतो. त्या साइजचे टायर सहसा स्वस्त असतात आणि तालुक्याच्या दुकानात सहज मिळतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या करा. एक, लहान रिम ब्रेकच्या डिस्कला घासत नाही ना, हे बसवून बघा. मोठ्या इंजिनच्या गाड्यांना ब्रेक मोठे असतात. दोन, पुस्तकात नसलेला साइज 'बसतो ओ' म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. पुढे विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

नगाचा भाव नको, किलोमीटरचा भाव काढा

समजा, एक टायर ५,००० रुपयांचा आहे आणि ३० हजार किलोमीटर चालतो. दुसरा ७,००० चा आहे आणि ५० हजार चालतो. पहिल्याचे चार टायर २०,००० चे, म्हणजे किलोमीटरला ६७ पैसे. दुसऱ्याचे २८,००० चे, म्हणजे ५६ पैसे. महाग वाटणारा टायर इथे स्वस्त पडला.

पण थांबा, हिशेब इथेच संपत नाही. टायर झिजतो तसा म्हाताराही होतो. उन्हाने रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. तुमची गाडी लग्नकार्य, दवाखाना आणि महिन्यातून एखादी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याची फेरी एवढीच चालत असेल, वर्षाला ६ हजार किलोमीटर समजा, तर सहा वर्षांत ३६ हजारच होतात. अशा गाडीला ८० हजार किलोमीटर टिकणारा महागडा टायर घेऊन काय उपयोग? नक्षी शिल्लक असतानाच तो वयाने बाद होणार.

म्हणून आधी स्वतःचं रनिंग बघा. रोज अप-डाऊन असेल, भाड्याने गाडी चालत असेल, तर जास्त किलोमीटरच्या टायरला पैसे द्या. गाडी कमी चालत असेल तर मध्यम किमतीचा, पण ताजा आणि पावसात चांगली पकड देणारा टायर घ्या.

काही टायरवर इंग्रजीत 'ट्रेडवेअर' लिहून पुढे ३००, ४०० असा आकडा असतो. आकडा मोठा तेवढी झीज कमी, असा ढोबळ अर्थ. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो बरा. दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. आणि फार टणक रबर टिकतं जास्त, पण ओल्या रस्त्यावर घसरू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

प्रत्येक टायरवर इंग्रजीत 'डीओटी' अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. समजा १८२५. म्हणजे २०२५ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला टायर. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात, त्यामुळे टायर पलटी करून बघा. दुकानात दीड-दोन वर्षे पडून राहिलेला माल 'ऑफर' म्हणून पुढे केला जाऊ शकतो. शक्यतो सहा महिन्यांच्या आतला टायर मागा. चारही टायरची तारीख जवळपासची असू द्या.

पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांनंतर वापरू नये, असा सल्ला टायर कंपन्याच देतात. जुनी गाडी घेताना ही तारीख बघा. टायर जुने निघाले तर भावात तेवढे पैसे कमी करायला सांगा. स्टेपनीची तारीखही तपासा, ती बऱ्याचदा गाडीच्याच वयाची असते.

आयएसआय मार्क आहे का, तेही बघा. आपल्याकडे कारच्या टायरला तो बंधनकारक आहे.

जुने आणि कटिंग केलेले टायर

भंगार बाजारात गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने नव्या खाचा पाडून, वरून काळं पॉलिश मारून विकतात. दिसायला नवा, आतून कागद. ओळखायचं कसं? नव्या टायरच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर आडवे उंचवटे असतात. त्यांच्या रेषेत टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. कटिंग केलेल्या टायरमध्ये हे उंचवटे कापलेले किंवा गायब दिसतात. असा टायर फुकट मिळाला तरी कारला लावू नका.

हेच उंचवटे तुमच्या चालू टायरचं मोजमापही आहेत. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते. कायद्याने कारच्या टायरला किमान तेवढी लागते. पावसाळ्यात एवढी वाट बघू नका, ३ मिलिमीटरच्या आसपासच बदललेला बरा. खाचांतून पाणी बाहेर गेलं नाही तर गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं.

हवा: बिनपैशाचा विमा

'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल' हा सल्ला गावोगाव ऐकायला मिळतो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि तापते. तासभर वेगात चालल्यावर आतले थर सुटायला लागतात आणि टायर फुटतो. चालताना हवेचा दाब थोडा वाढणार, हे कंपनीने धरूनच आकडा दिलेला असतो.

दरवाजाजवळच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. लांबच्या प्रवासाला निघताना भरलेल्या गाडीचा आकडा ठेवा. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. पंधरा दिवसांतून एकदा तरी. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळायलाच हवी, त्याचे पैसे द्यायचे नसतात.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू उतरतो, इतकाच फायदा. तो भरलाय म्हणून हवा तपासायचं सोडलं तर उपयोग शून्य.

दोनच टायर घ्यायचे असतील तर

एकदम चार टायरचे पैसे नसतात, हे समजण्यासारखं आहे. मग एकाच कंपनीचा, एकाच नक्षीचा जोड घ्या. नवा जोड मागे लावा. आपल्याकडे बहुतेक जण पुढे लावतात, कारण इंजिनची ओढ पुढे असते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि साध्या ड्रायव्हरला ती आवरत नाही.

नवे टायर बसवताना नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर चांगला टायरही काही हजार किलोमीटरमध्ये एका बाजूने गोटा होतो. दर ८-१० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली तर झीज सारखी होते.

पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर आतून मशरूम पॅच मारून घ्या, दोरीचं पंक्चर हे तात्पुरतं काम समजा. बाजूच्या भिंतीत काटा किंवा खिळा घुसला तर पॅच मारून वेगाच्या रस्त्यावर जाऊ नका.

पक्कं बिल घ्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ६,००० मूळ किमतीचा टायर पूर्वी करासह ७,६८० ला पडायचा, तो आता ७,०८० ला पडतो. म्हणजे चार टायरमागे २,४०० रुपये वाचतात. बिलावर १८ टक्केच लावलेत ना, ते बघा.

'बिल नको, थोडे कमी द्या' या बोलीला भुलू नका. टायरचा सीरियल नंबर टाकलेलं पक्कं बिल असेल तर बनावटीतल्या दोषाचा वॉरंटी दावा करणं सोपं जातं. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

दुकानात जाण्याआधी

मोबाइलमध्ये तीन फोटो काढून ठेवा: सध्याच्या टायरवरच्या साइजचा, दरवाजाजवळच्या स्टिकरचा आणि पुस्तकातल्या टायरच्या पानाचा. वर्षाला गाडी किती चालते, ते लिहून ठेवा. मग किमान दोन दुकानांत एकाच साइजचा, एकाच कोडचा भाव विचारा. त्यात बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि व्हॉल्व्ह धरलेत का, तेही विचारा. एवढं केलं तर कोणता टायर घ्यायचा ते दुकानदार नाही, तुम्ही ठरवाल.