विल्टशायरची पांढरी
(इंग्लंडच्या ग्रामीण भागातील अभ्यास-सहलीचा वृत्तांत)



गळीत हंगाम आटोपला, शेवटची बिले वाटून झाली आणि मे २०२५ मध्ये आपल्या कार्यक्षेत्रातील आम्ही एकतीस सभासद, त्यांत नऊ महिला, इंग्लंडची सहल करून आलो. सहल प्रत्येकाने स्वखर्चाने केली, हे पहिल्याच परिच्छेदात नमूद केलेले बरे. आम्ही विमानात बसलो नाही तोच गावच्या पारावर "कारखान्याच्या पैशाने विलायत" अशी कुजबुज सुरू झाली होती. कारखान्याचा एक पैसाही लागलेला नाही.

लंडनचा राजवाडा, घड्याळाचा मनोरा वगैरे सर्वांनी चित्रात पाहिलेलेच आहे. त्यावर शाई खर्च करीत नाही. आम्हा शेतकऱ्यांचे मन रमले ते लंडनबाहेर, विल्टशायर परगण्यात. तिथे तीन दिवस आम्ही एका मोठ्या कोचमधून पाच-पाच हजार वर्षांच्या जागा बघत हिंडलो. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे बिचकायला झाले नाही. चालक मात्र शिस्तीचा गडी. साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटे विश्रांती, हा तिथला कायदा. कुणी कितीही घाई केली तरी तो चहाचा पेला संपवूनच उठे. आपल्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांना हा नियम लावला तर गव्हाणीत मोळी पडायची नाही, असे एकजण म्हणाला. त्यावर दुसऱ्याने सुनावले, "अन् अपघात निम्मे होतील, ते नाही का बोलत?" विषय तिथेच थांबला.

दोन्ही बाजूंना हिरवा गहू, मधून मधून मोहरीच्या जातीच्या तेलबियांची पिवळीधमक रानं, आणि बांधाला तारेऐवजी काटेरी झुडपांची जिवंत कुंपणं. ऊस अर्थातच नाही. तिथली साखर बीटाची. बीटाचे चार कारखाने आहेत, ते पूर्वेकडच्या भागात. चारही एकाच कंपनीचे, सहकार नाही. ते आमच्या वाटेवर नव्हते, म्हणून पाहणे झाले नाही, याची रुखरुख राहिली.

या भागातली जमीन पाहून सगळे चक्रावले. वर वीतभर काळसर माती आणि खाली एकदम पांढराशुभ्र खडू! आपण शाळेत फळ्यावर वापरतो तसल्या खडकाचे डोंगरच्या डोंगर. कुठे खड्डा खणला की पांढरे उघडे पडते. आपल्याकडे काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. तिकडे काळीच्या पोटात सगळी पांढरीच.

पहिला मुक्काम स्टोनहेंजचा. सॅलिसबरीजवळच्या उघड्या माळावर उभे-आडवे दगड रचून केलेले हे वर्तुळ. इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास आधी गोल खंदक आणि बांध झाला. मोठे दगड त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी उभे राहिले. मोठा दगड सरासरी २५ टनांचा. म्हणजे उसाने भरलेल्या दहा-बारा टायरगाड्यांचे वजन एका दगडात! हे दगड पंचवीसेक किलोमीटरवरच्या जंगलातून आणले, हे २०२० साली दगडाची रासायनिक तपासणी करून सिद्ध झाले. आतले लहान निळसर दगड तर वेल्समधल्या डोंगरातले, सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरचे. मध्यभागी आडवा पडलेला सहा टनांचा दगड आहे. तो स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडून, किमान ७५० किलोमीटरवरून आला, असे २०२४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या काळी तिथे चाकाची गाडी नव्हती, लोखंड नव्हते. खंदक खणला तो हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी.

आमच्यात एक सुतारकाम जाणणारे सभासद आहेत. ते दोरीच्या अलीकडून मान उंचावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे गवंड्याचं काम नाही, सुताराचं आहे." त्यांचे म्हणणे बरोबर होते. उभ्या दगडाच्या माथ्यावर खुंटी ठेवली आहे, आडव्याच्या पोटात तिच्यासाठी खळगा केला आहे, आणि आडवे दगड एकमेकांत जीभ-खाच करून बसवले आहेत. लाकडाची जोडणी दगडात! उन्हाळ्यातला सर्वात मोठा दिवस उजाडतो तेव्हा सूर्य नेमका बाहेरच्या एका दगडाच्या दिशेने उगवतो, आणि हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवशी समोरच्या बाजूला मावळतो.

पण आम्हाला जास्त भावली ती दगड उभारणाऱ्या मजुरांची हकिकत. तिथून तीनेक किलोमीटरवर डरिंग्टन वॉल्स नावाच्या जागी २००४ नंतरच्या उत्खननात त्यांच्या घरांच्या जमिनी सापडल्या. चौकोनी एकखणी घर, मधोमध चूल, खाली खडूची चोपलेली जमीन. आसपास डुकरांच्या हाडांचे ढीग. जनावरे लांबलांबच्या मुलखांतून हाकत आणलेली, आणि हिवाळ्यात मोठ्या मेजवान्या होत असाव्यात, असे तज्ज्ञ सांगतात. माहिती केंद्राजवळ अशी पाच घरे नव्याने बांधून ठेवली आहेत. वर काडाचे शाकार, आत अंधार. महिला सभासदांपैकी एक मामी आत वाकून शिरल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "या तर आपल्या ऊसतोडीच्या कोप्या!" लांबून येणारी माणसे, हंगामापुरती वस्ती आणि काम संपले की पांगापांग. ज्यांनी दगड ओढले त्यांचे नाव-गाव कुठे लिहिलेले नाही, आणि आपल्या टोळ्यांतल्या माणसांची नावे तरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतात?

हे स्थळ पूर्वी खाजगी मालकीचे होते. १९१५ साली लिलाव झाला आणि सेसिल चब नावाच्या गृहस्थाने ६,६०० पौंडांना ते घेतले. तीन वर्षांनी त्याने ते देशाला देऊन टाकले. शेजारून ए-३०३ नावाचा वर्दळीचा हमरस्ता जातो, आणि दगड बघायला गाड्या हळू होतात म्हणून रांगा लागतात. रस्ता जमिनीखालून सुमारे ३ किलोमीटरच्या बोगद्यातून न्यावा, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. २०२० साली मंजुरी, २०२१ साली न्यायालयाने ती रद्द केली, २०२३ साली पुन्हा मंजुरी, आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने पैसे नाहीत म्हणून योजनाच गुंडाळली. मंजुरीच्या फायली तिकडेही फिरतात, हे ऐकून काही मंडळींना उगीचच बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी एव्हबरी. स्टोनहेंजपेक्षा आम्हाला हे गाव अधिक आवडले. इथला दगडी गोल जगातला सर्वात मोठा, सुमारे ३३० मीटर व्यासाचा. त्याच्या आत निम्मे गाव वसलेले! दगडांना दोरी नाही, पहारा नाही. मेंढरं चरतात, पोरं दगडाला पाठ टेकून बसतात. आम्हीही बसलो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. एका उंच दगडाच्या सावलीत जेवण झाले.

या गोलात मुळात शंभराच्या आसपास दगड होते. मग गेले कुठे? चौदाव्या शतकाच्या सुमारास गावकऱ्यांनी काही पाडून पुरले. त्या पुरलेल्यांपैकी एका दगडाखाली १९३८ साली एका माणसाचा सांगाडा निघाला, जवळ कात्री आणि त्या काळची नाणी. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत बांधकामाला दगड हवा म्हणून खड्ड्यात गवत-लाकूड पेटवून दगड तापवत, त्यावर थंड पाणी ओतत आणि घणाचा घाव घालत. गावातली काही घरे त्याच दगडांची आहेत. विल्यम स्टकली या अभ्यासकाने १७२० च्या दशकात हा प्रकार डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला, म्हणून आज कळतो.

उरलेले वाचले ते दोन माणसांमुळे. पहिला जॉन लबॉक. घरे बांधली जाणार असे कळल्यावर त्याने इथली जमीन विकत घेतली आणि १८८२ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा पहिला कायदा पार्लमेंटात करून घेतला. १८७१ चा 'बँक हॉलिडे'चा कायदा आणणारा तो हाच! दुसरा अलेक्झांडर किलर. याचे घराणे संत्र्याच्या मार्मालेडचे कारखानदार. आता मार्मालेड म्हणजे काय, निम्मी साखरच की! त्या पैशातून १९३० च्या दशकात त्याने पुरलेले दगड उकरून पुन्हा जागेवर उभे केले, आणि जे फुटून गेले त्यांच्या जागी सिमेंटच्या खुणा रोवल्या. साखरेच्या पैशाने झालेले असे काम पाहून आम्हाला कौतुक वाटले, हे लपवत नाही.

मात्र नाण्याला दुसरी बाजू होती. गोल मोकळा करताना आतली काही घरे पाडली गेली, आणि त्या कुटुंबांना बाहेर नव्या वसाहतीत जावे लागले. आमच्याबरोबर एक ज्येष्ठ सभासद आहेत. त्यांचे मूळ गाव धरणात गेले आहे. हे ऐकल्यावर ते गोल बघायचे सोडून ती वसाहत कुठे आहे ते विचारू लागले. "दगड जागेवर आले, माणसं जागेवरून गेली," एवढेच बोलले.

त्यावरून परतताना कोचमध्ये जी जुंपली ती सांगण्यासारखी आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, असले दगड आपल्या रानात निघाले असते तर आपण जेसीबी लावून बांधाला ढकलले असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, सातबारा माझा आणि नियम सरकारचा, हा कुठला न्याय? वाटाड्याने सांगितलेली माहिती दोन्ही बाजूंच्या उपयोगाची होती. स्टोनहेंजभोवतीच्या रानांत शेकडो जुनी थडगी आहेत, आणि नांगराखाली त्यांतली कितीतरी सपाट झाली. १९७९ च्या कायद्यानुसार यादीतल्या जागेवर परवानगीशिवाय काही करता येत नाही. पूर्वीपासून नांगरट असेल तर ती तेवढ्याच खोलीपर्यंत चालू ठेवता येते, पण नांगर खोल घालायचा नाही. आणि अशी जागा नांगराखालून काढून तिथे गवत राखल्याबद्दल शेतकऱ्याला सरकारी योजनांतून मोबदला देण्यात आला आहे. मोबदल्याचे ऐकून सातबारावाले बरेच नरमले!

आता आपल्याकडचे बघा. आपण उसाच्या पट्ट्यातली माणसे, पण आपल्या नद्यांच्या काठी किती जुनी वस्ती होती याची आपल्यालाच वार्ता नाही. संगमनेर तालुक्यातले जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद, ही दोन्ही प्रवरेकाठी. दायमाबादला १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाला, चारही मिळून ६० किलोंहून जड. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवायला चारी काढली होती. म्हणजे पाटपाणी आपल्या आजोबांनी सुरू केले, ही समजूत सोडायला हवी. उभ्या दगडांचे म्हणाल तर नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची वर्तुळे आहेत, शेकड्यांनी. अशा जुन्या पांढरीची राखेरी माती खत म्हणून शेतात टाकायची आपली जुनी चाल आहे. पूर्वी ती पाटीने जाई, आता डंपरने जाते. एकदा टेकाड वाहून गेले की तिथे काय होते ते कुणीच सांगू शकत नाही. जमिनीत जुनी मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

एव्हबरीजवळच सिलबरी हिल ही खडूची मानवनिर्मित टेकडी आहे. उंची सुमारे ४० मीटर, वय साडेचार हजारांच्या आसपास. आत राजाचा खजिना असेल म्हणून १७७६ साली वरून विहीर पाडली, १८४९ साली बोगदा खणला, १९६८ साली पुन्हा. हाती खजिना लागला नाही, फक्त टेकडी पोकळ झाली आणि २००० साली माथ्यावर भगदाड पडले. मग २००७-०८ मध्ये आत खडू भरून ती सावरावी लागली. वर चढायला बंदी आहे. समोर गव्हाच्या रानातून पायवाटेने वेस्ट केनेटच्या लांबोळ्या थडग्याकडे जाता येते. ते स्टोनहेंजच्या मोठ्या दगडांहूनही हजारेक वर्षांनी जुने. ही पायवाट खाजगी शेतातून जाते, पण ती सर्वांच्या वहिवाटीची. शेतकऱ्याने नांगरली तर चौदा दिवसांत पूर्ववत करून द्यावी लागते, किमान एक मीटर रुंद. पाणंदीच्या तंट्यांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेले आमच्यातले दोघे त्या वाटेवर शेजारी शेजारी चालत होते!

शेवटच्या दिवशी ऑक्सफर्डशायरमधला उफिंग्टनचा पांढरा घोडा. डोंगराच्या उतारावर गवताखालची माती काढून, चर खणून त्यात खडू ठोकून काढलेली ११० मीटर लांबीची आकृती, सुमारे तीन हजार वर्षांची. जवळ गेले की काहीच कळत नाही, नुसते पांढरे पट्टे दिसतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून तो झाकून ठेवला होता. काही वर्षे हात लावला नाही तर गवत त्याला गिळून टाकील. म्हणून दर उन्हाळ्यात माणसे हातोडे घेऊन गुडघ्यांवर बसतात, तण काढतात आणि ताजा खडू ठोकतात. आम्ही गेलो तेव्हा ते काम सुरू नव्हते. नाहीतर मामी पदर खोचून बसल्याच असत्या. खुरपणीचे काम त्यांच्या हातचे.

पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे: मे महिन्यातही माळावर वारा बोचरा असतो, स्वेटर आणि कानटोपी हवीच. रात्री नऊपर्यंत उजेड राहतो, जेवणाच्या वेळा चुकतात. शाकाहारींना उकडलेला बटाटा आणि चीज यांवर दिवस काढावे लागतात, तेव्हा चटणी-दशमी सोबत घ्यावी. पायांत चप्पल नको, बूट घालावेत. एव्हबरीत मेंढरांचा सुळसुळाट आहे.