‘रुळावर’ असलेला विद्यार्थी : शिकागोतील नववीच्या वर्षाचा अभ्यास

शाळा अर्धवट सोडणाऱ्या मुलांविषयी बोलताना मराठीत ‘गळती’ हा शब्द रूढ आहे. इंग्रजीत त्याच ठिकाणी ‘ड्रॉपआउट’ हा शब्द येतो. दोन्ही शब्द एकाच घटनेचे वाचक असले, तरी त्यांची दृष्टी भिन्न आहे. ‘गळती’ म्हटले की भांड्याला भोक असल्याचे सूचित होते. थेंबाला कोणी दोष देत नाही. ‘ड्रॉपआउट’ हे मात्र घटनेचे तसेच व्यक्तीचेही नाव आहे, आणि व्यक्तीचे नाव झाले की दोषही तिच्याकडेच जातो. अमेरिकेतील शिकागो शहरात गेल्या पंचवीस वर्षांत माध्यमिक शिक्षणाविषयी जे संशोधन झाले, त्याचे महत्त्व यात आहे की त्याने थेंबाकडून भांड्याकडे लक्ष वळविले आणि भोक कोठे आहे तेही बऱ्याच नेमकेपणाने दाखवून दिले. ते नववीत आहे.

शिकागोतील बहुसंख्य मुले बालवर्गापासून आठवीपर्यंत एकाच शाळेत शिकतात. नववीला त्यांचे हायस्कूल सुरू होते व ते चार वर्षे चालते. नववीतील विद्यार्थ्याला ‘फ्रेशमन’ म्हणतात. या चार वर्षांचा हिशेब श्रेयांकांनी होतो. वर्षभराचा एक विषय उत्तीर्ण झाल्यास एक श्रेयांक, एका सत्राचा झाल्यास अर्धा. शालान्त डिप्लोमासाठी असे २४ श्रेयांक लागतात. प्रत्येक विषयाची श्रेणी वर्गावरील शिक्षकच देतो आणि ‘एफ’ श्रेणी मिळाली की त्या सत्राचा श्रेयांक बुडतो. महाराष्ट्रातील वाचकाने येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे दहावीची मंडळाची परीक्षा हा एकच मोठा उंबरठा असतो; नववीत रेंगाळलेला विद्यार्थी दहावीच्या वर्षात नेट लावून तो ओलांडू शकतो. शिकागोत असा एक उंबरठा नाही. तेथे पायऱ्या आहेत, आणि पहिल्याच वर्षी दोन-तीन पायऱ्या चुकल्या तर त्या पुन्हा चढण्यासाठी उन्हाळी वर्ग किंवा संध्याकाळचे वर्ग गाठावे लागतात. पुढच्या वर्षाचे ओझे मात्र कमी होत नाही.

शिकागो विद्यापीठात १९९० साली शिकागोच्या शाळांवरील संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली. ‘कन्सॉर्शियम’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्या वतीने एलेन अ‍ॅलेन्सवर्थ व जॉन ईस्टन यांनी २००५ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. नववीच्या अखेरीस विद्यार्थी ‘ऑन-ट्रॅक’ म्हणजे रुळावर आहे की नाही, हे ठरविण्याच्या निकषाची त्यात परीक्षा केली होती. निकष अगदी साधा आहे. वर्षअखेर विद्यार्थ्याकडे किमान पाच श्रेयांक असावेत, आणि इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे या मुख्य विषयांत मिळून एका सत्राच्या एकाहून अधिक ‘एफ’ श्रेणी त्याच्या नावावर नसाव्यात. एवढेच. कौटुंबिक उत्पन्न, वंश, पूर्वीच्या परीक्षांचे गुण यांपैकी कशाचाही समावेश त्यात नाही.

या साध्या निकषाने जे भाकीत केले ते थक्क करणारे होते. नववीअखेर रुळावर असलेल्यांपैकी ८१ टक्के विद्यार्थी चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडले. रुळावरून घसरलेल्यांपैकी केवळ २२ टक्के. याहून उद्बोधक तुलना पुढची आहे. आठवीच्या चाचणीत वरच्या चतुर्थांशात असलेला, म्हणजे रूढ अर्थाने ‘हुशार’ विद्यार्थी नववीत घसरला, तर त्याच्या गटात शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३७ टक्के होते. उलट, खालच्या चतुर्थांशातला विद्यार्थी रुळावर राहिला, तर त्याच्या गटात ते ६८ टक्के होते. बुद्धी आणि पूर्वतयारी यांवर सर्व काही अवलंबून असते, या समजुतीला हे आकडे फारच अवघड जातात. अर्थात २२ टक्केही शून्य नव्हे. घसरलेल्या मुलावर विधिलिखिताचा शिक्का मारण्यासाठी या निकषाचा उपयोग करणे म्हणजे त्याचा विपर्यास करणे होय.

मग मुले घसरतात कशाने? २००७ सालच्या दुसऱ्या अहवालात या दोघा संशोधकांनी उपस्थितीचा विचार केला. विषयातील अपयशाचे भाकीत करण्यात नववीतील अनुपस्थिती ही आठवीच्या चाचणीगुणांपेक्षा आठपट प्रभावी असल्याचे त्यांना आढळले. एका सत्रात एक आठवडा गैरहजेरी वाढली की शिक्षण पूर्ण करण्याचा संभव सुमारे २० टक्क्यांनी उतरतो. उत्तम गुण घेऊन आलेला परंतु सत्रात दोन आठवडे गैरहजर राहणारा विद्यार्थी, कमी गुण असूनही एकच आठवडा चुकविणाऱ्याच्या तुलनेत नापास होण्याची शक्यता अधिक असते. येथे गैरहजेरी म्हणजे दिवसभर घरी बसणे, असे समजू नये. हायस्कुलात हजेरी तासागणिक घेतली जाते. मूल शाळेत असते, पण पहिल्या तासाला उशिरा पोहोचते, जेवणानंतरचा बीजगणिताचा तास चुकविते. असे सुटे तास साठत जातात आणि त्यांची बेरीज आठवड्यांत होते.

आठवीपर्यंत नियमित येणारे मूल तीन महिन्यांच्या सुटीनंतर असे का वागू लागते, या प्रश्नाचे उत्तर २०१४ च्या एका अभ्यासाने शोधले. आठवीकडून नववीकडे जाताना विनापरवाना गैरहजेरी जवळजवळ चौपट होते आणि अभ्यासाच्या सवयी ढासळतात. अभ्यासक्रम कठीण झाल्यामुळे श्रेणी घसरतात, ही प्रचलित उपपत्ती मात्र तेथे टिकली नाही. आठवीत गृहपाठ न आणल्यास शिक्षिका मागे लागत असे, घरी फोन करीत असे. नववीत सहा-सात विषयांचे सहा-सात शिक्षक असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकासमोर रोज बहुधा शंभराहून अधिक चेहरे येतात. विद्यार्थ्याने आता आपली जबाबदारी आपण घ्यावी, अशी त्यांची प्रामाणिक धारणा असते. चौदा वर्षांच्या मुलाला तिचा अर्थ निराळा लागतो : कोणी विचारत नाही, तेव्हा चालते. त्या अभ्यासाच्या इंग्रजी शीर्षकात ‘फ्री टू फेल’ असे शब्द आहेत. ‘नापास होण्याची मुभा’ हे त्याचे मराठी रूप शब्दशः बरोबर असले, तरी मूळातील उपरोध त्यात थोडा फिका पडतो.

श्रेणी देण्याच्या पद्धतीकडेही येथे पाहिले पाहिजे, कारण संकट पुष्कळदा अंकगणितात दडलेले असते. अनेक अमेरिकी शाळांत शंभरापैकी साठाखाली ‘एफ’ मिळते. एखाद्या विद्यार्थ्याने पाच गृहपाठांपैकी चार करून प्रत्येकी ८० गुण मिळविले आणि पाचवा दिलाच नाही, तर सरासरी ६४ येते. दोन दिले नाहीत, तर ती ४८ वर येते व विद्यार्थी नापास ठरतो. जे त्याने केले ते चांगलेच होते. त्याला विषय येत नाही, असे या श्रेणीवरून म्हणता येणार नाही. न दिलेल्या गृहपाठाचा शून्य हा ज्ञानाचे माप आहे की वर्तनाला शिक्षा, हा वाद त्यामुळेच तेथील शिक्षकखोल्यांत कडाक्याने झाला. मराठीत ‘तो नापास झाला’ आणि ‘त्याला नापास केले’ अशा दोन्ही रचना शक्य आहेत. शिक्षक पहिली वापरतात, विद्यार्थी व पालक दुसरी. वरील उदाहरणात दुसरी रचना अगदीच अन्यायाची ठरत नाही.

उपाययोजना फार गाजावाजाची नव्हती, आणि तिचे बळही बहुधा यातच असावे. २००७-०८ च्या सुमारास शिकागोच्या शालेय प्रशासनाने हायस्कुलांना दोन प्रकारच्या याद्या देण्यास आरंभ केला. आठवीतील श्रेणी व हजेरी यांवरून कोणत्या मुलांकडे विशेष लक्ष पुरवावे लागेल, हे सांगणारी एक यादी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळे. वर्ष चालू असताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या श्रेणी व गैरहजेरी दाखविणारी दुसरी. पूर्वी हीच माहिती जूनमध्ये, म्हणजे सर्व आटोपल्यावर हाती येत असे. ऑक्टोबरात कळले की गणितात एक ‘एफ’ येऊ घातली आहे, तर उरलेले गृहपाठ पूर्ण करून घेणे, शिकवणीस बसविणे, आईवडिलांना बोलावणे शक्य असते. जूनमध्ये यांतील काहीच शक्य नसते. याद्या नुसत्या वाटून भागले नाही, हेही नमूद केले पाहिजे. नववीच्या सर्व विषयशिक्षकांनी ठराविक वेळी एकत्र बसून एकेका विद्यार्थ्याविषयी बोलावे, अशी सोय ज्या शाळांनी वेळापत्रकातच करून ठेवली, तेथे यादीचा उपयोग झाला. इंग्रजीच्या तासाला उत्तम असणारा मुलगा विज्ञानात का बुडतो आहे, हे त्या बैठकीखेरीज कोणालाच दिसत नव्हते. मिनेसोटा राज्यातील सेंट लुइस पार्क येथील हायस्कुलात १९९८ पासून याच तत्त्वावर ‘बार’ नावाची योजना विकसित होत गेली. तिच्यात नववीच्या मुलांचे गट पाडून प्रत्येक गट ठराविक शिक्षकांकडे सोपवितात. ते शिक्षक दर आठवड्यास भेटतात. पुढे ती इतर अनेक शाळांनी स्वीकारली.

शिकागोत नववीअखेर रुळावर असणाऱ्यांचे प्रमाण २००७ साली ५७ टक्के होते; २०१३ पर्यंत ते ८२ टक्क्यांवर गेले. कृष्णवर्णीय मुलग्यांमध्ये, ज्यांच्याविषयी सर्वांत कमी आशा बाळगली जात असे, २००५ साली ४३ टक्के असलेले प्रमाण २०१३ साली ७१ टक्के झाले.

संशोधनाच्या विद्यार्थ्याला येथे शंका यावयास हवी, आणि ती रास्त आहे. तापमापकातला पारा चढविल्याने हवा गरम होत नाही. एखादा दर्शक हेच उद्दिष्ट बनविले व त्यावरून मुख्याध्यापकांचे मूल्यमापन होऊ लागले, की शिक्षक ‘एफ’ ऐवजी ‘डी’ देऊन मोकळे होणार नाहीत कशावरून? २०१४ साली मेलिसा रॉडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाताळला. श्रेणी केवळ सैल झाल्या असत्या, तर ती मुले दहावी-अकरावीत पुन्हा घसरली असती. ज्या शाळांत नववीचे प्रमाण सर्वांत आधी व एकदम वाढले, अशा तीन शाळांत पुढे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही ८ ते २० टक्क्यांनी वाढले. अधिक मुले वरच्या वर्गांत पोहोचल्यामुळे महाविद्यालय-प्रवेशासाठीच्या ‘एसीटी’ चाचणीतील सरासरी घसरेल, अशी भीती होती. तसे घडले नाही. एवढ्यावरून प्रत्येक शाळेतील प्रत्येक ‘डी’ सचोटीची होती, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.

आकड्यांच्या शुद्धतेचा प्रश्न पुढच्याच वर्षी दुसऱ्या टोकाकडून उपस्थित झाला. शाळा सोडून गेलेल्या काही विद्यार्थ्यांची नोंद ‘दुसऱ्या शाळेत गेले’ अशी झाल्याचे २०१५ साली वार्ताहरांनी उघडकीस आणले. दुसऱ्या शाळेत गेलेला विद्यार्थी गणनेतूनच वगळला जातो. शाळा सोडलेला मात्र छेदात राहतो व प्रमाण खाली ओढतो. नोंदवहीतल्या एका शब्दाच्या निवडीने गळती नाहीशी होत होती. शालेय प्रशासनाला मागील काही वर्षांचे आकडे सुधारून जाहीर करावे लागले व ते आधीच्या आकड्यांपेक्षा कमी निघाले. वाढीची दिशा मात्र सुधारित आकड्यांतही कायम राहिली.