पंचनाम्यापासून बँक खात्यापर्यंत : लकडगंजच्या संदर्भात नागपूरच्या आपत्ती-मदतीचा मागोवा (1991–2023)

चक्रीवादळाचा थेट तडाखा महाराष्ट्रात प्रामुख्याने कोकण किनारपट्टीला बसतो. दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या नागपूरच्या वाट्याला येते ती अतिवृष्टी आणि त्यातून उद्भवणारा नदी-नाल्यांचा पूर. आपत्तीचे रूप वेगळे असले, तरी आपद्ग्रस्त कुटुंबाला शासनाकडून मिळणारी मदत एकाच निधीतून, एकाच कायद्याखाली आणि बहुतांशी एकाच दरपत्रकाने दिली जाते. गेल्या तीन दशकांत ही मदत शासनाच्या मर्जीतून निघून नियमांच्या चौकटीत आली, ही मोठी प्रगती होय. मात्र ती चौकट प्रामुख्याने शेत, गोठा आणि घर डोळ्यांपुढे ठेवून आखली गेल्यामुळे पूर्व नागपुरातील लकडगंजसारख्या व्यापारी व श्रमिक वस्तीचे नुकसान तिच्यात आजही पुरते मावत नाही.

नागपूर जिल्ह्यापुरता या इतिहासाचा आरंभ 30 जुलै 1991 पासून करावा लागतो. त्या दिवशी नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव वर्धा नदीच्या महापुरात सापडले, दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि गावाचे पुनर्वसन करावे लागले. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार ‘आपत्ती निवारण निधी’ 1990 मध्येच अस्तित्वात आला होता. परंतु आपत्तीनंतर कोणी, किती काळात आणि काय करावे हे सांगणारा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. मोवाडनंतर दोनच वर्षांनी, 30 सप्टेंबर 1993 रोजी, किल्लारीचा भूकंप झाला आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनातून तातडीची मदत व दीर्घकालीन पुनर्बांधणी ही दोन वेगळी कामे आहेत, याची जाणीव राज्याच्या प्रशासनात रुजली. गुजरातचा 2001 चा भूकंप, 2004 ची त्सुनामी आणि मुंबईतील 26 जुलै 2005 चा प्रलय यांच्या पाठोपाठ 2005 च्या अखेरीस आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला.

या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले, तसेच राज्य आपत्ती प्रतिसाद निधीला वैधानिक आधार दिला. महाराष्ट्रात या निधीचा 75 टक्के वाटा केंद्र शासन आणि 25 टक्के वाटा राज्य शासन उचलते. कोणत्या नुकसानीला किती रक्कम द्यावी, याचे निकष केंद्र ठराविक काळासाठी जाहीर करते. 2022 ते 2026 या काळाच्या निकषांत मृताच्या वारसांना 4 लाख रुपये, सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये, दुधाळ गाय वा म्हशीसाठी 37 हजार 500 रुपये, आणि कपडे व भांडी यांसाठी प्रत्येक कुटुंबाला प्रत्येकी 2 हजार 500 रुपये असे दर ठरवण्यात आले. घरगुती साहित्याच्या हानीपोटी मिळणाऱ्या रकमेला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. ती नुकसानभरपाई नसून तत्काळ आधार आहे, आणि हा भेद ठाऊक नसल्यामुळे अनेक कुटुंबांची अपेक्षा व हाती पडणारी रक्कम यांत मोठी तफावत राहते.

राज्य शासन स्वतःच्या तिजोरीतून हे दर वाढवू शकते, आणि महाराष्ट्राने तसे वेळोवेळी केले आहे. कोल्हापूर-सांगलीच्या 2019 च्या पुरात ग्रामीण कुटुंबांना 10 हजार आणि शहरी कुटुंबांना 15 हजार रुपये देण्यात आले. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातील बागायतदारांसाठी हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाले. आणि चिपळूण-महाडच्या जुलै 2021 च्या महापुरानंतर दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, कमाल 50 हजार, तर टपरीधारकांना कमाल 10 हजार रुपये देण्याचे ठरले. शेतकऱ्याच्या बांधापलीकडे बाजारपेठेतील गाळ्याकडे शासनाची नजर वळली, हे या शेवटच्या निर्णयाचे खरे महत्त्व. मात्र ही तरतूद कायम निकषांत न जाता वेळोवेळीच्या शासन निर्णयांतून येत राहिली.

नागपूर शहराची कसोटी 22 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर लागली. काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठावरील वसाहतींत शिरकाव केला. अंबाझरी ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंतची घरे, दुकाने आणि मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेले, आणि बचावासाठी आपत्ती प्रतिसाद दलांसोबत लष्करालाही पाचारण करावे लागले. तत्कालीन उपमुख्यमंत्री व पालकमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बाधित कुटुंबांना 10 हजार, दुकानदारांना 50 हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना 10 हजारांपर्यंत मदत जाहीर केली, तर महसूल व महानगरपालिकेची पथके पंचनाम्यांसाठी घरोघरी फिरली. पुढे तलावाची सुरक्षा आणि नदीपात्रातील अडथळे हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

पंचनामा म्हणजे शासकीय कर्मचाऱ्याने पंचांच्या साक्षीने जागेवर जाऊन केलेली नुकसानीची लेखी नोंद. बाधिताचे नाव, पत्ता, पाण्याची पातळी, नुकसानीचे वर्णन, छायाचित्रे, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील एवढ्या गोष्टी तीत जुळल्या, तरच नाव यादीत चढते, यादी तहसीलदारांमार्फत मंजूर होते आणि रक्कम थेट खात्यात जमा होते. अमेरिकेत चक्रीवादळानंतर राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती घोषित केली, की नागरिक स्वतः संघीय आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेकडे अर्ज करतो आणि भाडेकरूलाही तो करता येतो. आपल्याकडे शासन स्वतः दारी येते, ही कमी शिकलेल्या कुटुंबासाठी निश्चितच सोयीची पद्धत आहे, परंतु पथक आले तेव्हा दाराला कुलूप असेल, तर ते घर यादीबाहेर राहण्याचा धोकाही तिच्यातच आहे.

या पद्धतीची मर्यादा लकडगंजच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एक असलेला हा भाग पूर्व नागपुरात मोडतो, आणि पश्चिमेकडून शहर ओलांडून आलेली नाग नदी याच पूर्व नागपुरातून पुढे वाहते. लाकूडबाजारामुळे ओळख मिळालेल्या या वस्तीत आरामशिनी, सागवानाच्या वखारी, प्लायवूडची दुकाने आणि त्यांवर पोट असणारे हमाल व सुतार एकमेकांना लागून आहेत. अशा ठिकाणी पाणी शिरले, तर घराची भिंत बहुधा उभीच राहते. परंतु प्लायवूडचे थर सुटतात, मोटरचे वाइंडिंग जळते, आणि भिजलेली फळी पंचनाम्याच्या दिवशी धड दिसली, तरी वाळताना वाकते व विक्रीतून बाद होते. गाळा भाड्याचा असेल आणि कारागीर परगावचा असेल, तर अडचण वाढते. कारण 2021 च्या निर्णयात दुकानदाराचे नाव स्थानिक मतदार यादीत असणे व त्याच्याकडे शिधापत्रिका असणे अशा अटी होत्या. रोजंदारीवरील हमालाचे बुडालेले काम तर शहरी पंचनाम्यात सहसा नोंदलेच जात नाही.

मोवाड ते नाग नदी या वाटचालीचा निष्कर्ष असा, की मदतीचा वेग आणि पारदर्शकता वाढली असली, तरी शहरी उपजीविकेच्या हानीला निकषांत अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही. दुकानदार, टपरीधारक आणि भाडेकरू कारागीर यांच्यासाठीची तरतूद प्रत्येक पुरानंतरच्या घोषणेवर न सोडता कायम निकषांत समाविष्ट करणे, रोजगार बुडालेल्या श्रमिकासाठी किमान निर्वाहभत्ता ठरवणे, आणि फेरपंचनाम्याची निश्चित मुदत जाहीर करणे या तीन गोष्टी राज्य शासनाने पुढील पावसाळ्यापूर्वी कराव्यात. नागरिकांनीही भाडेकरार, दुकानाचा परवाना, आधारशी जोडलेले बँक खाते आणि मालाची नोंदवही अद्ययावत ठेवावी, तसेच पाणी ओसरल्यावर साफसफाईला हात घालण्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत. आजच्या व्यवस्थेत हक्काची मदत पदरी पडणे याच कागदांवर अवलंबून आहे.