आधी विचारा, मग आखा

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की चातगावजवळ 'सर्च' संस्थेचं शोधग्राम येतं. इथला दवाखाना म्हणजे मजल्यावर मजले चढवलेली इमारत नव्हे. झाडांत विखुरलेली बसकी, उतरत्या छपरांची ही छोटी वस्तीच आहे.

हे रूप कागदावर सुचलेलं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६च्या सुमारास इथे काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी दवाखान्याची पायरी का चढत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीत बुजायला होतं. रोग्याला आत घेतात, घरच्यांना बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्यात तर मेलेल्याला गुंडाळतात. शिवाय तिथे आपला देव नाही.

प्रत्येक तक्रारीतून आराखड्याची एकेक रेघ निघाली. रोग्यांसाठी झोपडीवजा खोल्या झाल्या, नातेवाइकांना सोबत राहता येईल अशा. देवीचं नाव लोकांनी दिलं: माँ दंतेश्वरी दवाखाना. पुढे देवीच्या जत्रेला जोडून आदिवासींची आरोग्य संसद भरू लागली. कोणत्या आजारावर आधी काम व्हावं, हे तिथे गावं सांगतात.

आर्किटेक्टने शिकावं असं आणखी बरंच गावात आहे. कुडाची भिंत घालताना पाहावी. बांबू उभा चिरून कांब्या काढतात, त्या उभ्या काठ्यांत एकीवरून, दुसरीखालून विणत नेतात. विणकर मधूनच तळहाताने दाबून ताण बघतो. सैल वाटली की कांब उसवून पुन्हा घालतो. मग माती, शेण आणि धानाचं तणस तुडवून दोन्ही बाजूंनी लिंपण. छपराखाली वीतभर कूड बहुधा तसाच उघडा ठेवतात. चुलीचा धूर तिथून निघतो, वारा खेळतो. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या मुलखात ही वीतभर जागा मोलाची.

पण नुसता कूड उचलून भागत नाही. ताडोब्याच्या वाटेवरच्या एखाद्या रिसॉर्टच्या भिंतीवर वारली चित्रं दिसतात. वारली राहतात राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघरकडे. आदिवासी म्हणजे सगळे एकच, हा समज त्या रंगातून बोलतो. इथल्या गोंड-माडियांना त्यात कुणी विचारलेलं नसतं.

विचारण्याइतकाच प्रश्न बांधायच्या साहित्यावरच्या हक्काचाही आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावच्या लोकांनी आपल्या जंगलातलं सागवान वापरून घोटुल, म्हणजे गावाचं सभागृह, बांधलं, तेव्हा वनखात्याने ते पाडलं. आपल्याच सभागृहाला आपलंच लाकूड बेकायदा ठरलं होतं. याच गावाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

त्यामुळे आदिवासींशी नातं जोडू म्हणणाऱ्या आर्किटेक्टच्या कचेरीने आधी आपले कागद तपासावेत. ग्रामसभेशी बोलण्याचे दिवस वेळापत्रकात धरलेत का? बांबू ग्रामसभेकडून विकत घेणार का? विणणाऱ्याला मजुरी हमालाची की कारागिराची? आणि ग्रामसभेने नकाशा नाकारला, तर तो बदलणार का? बदलायचा नसेल, तर विचारायला जाऊन गावाचा दिवस मोडू नये.