गाडी थांबवावी ती एका झाडासाठी

न्यू हॅम्पशरमधला कँकमॅगस हायवे लिंकनपासून कॉनवेपर्यंत साधारण 55 किलोमीटरचा. वाटेत पेट्रोल पंप एकही नाही, म्हणून टाकी आधीच भरून घ्यायची. ऑक्टोबर उजाडला की बॉस्टनकडून येणाऱ्या गाड्यांची इथे रीघ लागते. त्यात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन निघालेली आम्ही मराठी मंडळीही असतो.

बहुतेक जण थांबतात ते 870 मीटर उंचीवरच्या खिंडीपाशी. तिथून दिसणारा डोंगर डोळ्यांना सुख देतो, पण फोटोत त्याचे लाल, पिवळे, हिरवे ठिपके एकमेकांत मिसळून तपकिरी होऊन जातात. मी थांबते ती एकेका झाडासाठी.

झाड नजरेत भरेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. मागे वाहनं असतात, तेव्हा करकचून ब्रेक दाबणं नाही. पुढची मोकळी जागा गाठून, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन चालत मागे यायचं. खरं पाहणं या चालण्यातच होतं. ऊन कुठल्या बाजूने येतंय ते कळतं. गाडीतून नुसतं लाल दिसलेलं झाड उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं की पानापानातून उजेड झिरपताना दिसतो, आणि फोटो तिथूनच घ्यावा.

मेपलचं एखादं पान हातात घेऊन बघा. लाल पानावर कधी कधी दुसऱ्या पानाची पिवळी आकृती उमटलेली असते, अगदी कडांसकट. वरच्या पानाची सावली पडली तेवढाच भाग पिवळा राहिलेला असतो. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच. हरितद्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि त्याला ऊन लागतं. म्हणून स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार रात्री लागोपाठ आल्या की मेपल पेटतात. बर्च मात्र पिवळाच राहतो. सह्याद्रीत फाल्गुन-चैत्रात कुसुंबाला फुटणारी तांबडी पालवी याच जातीच्या रंगद्रव्याची. तिथे पान जन्मताना लाल असतं, इथे गळताना.

पाऊस पडून गेला असेल तर परत फिरू नका. ओल्या खोडांचा काळा रंग पानांना उठाव देतो. ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चमक येते, ती पोलरायझर फिल्टर हळूहळू फिरवला की निघून जाते आणि खालचा रंग वर येतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये, कॅमेरा सगळी ऊब धुऊन काढतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवावं, नाहीतर लाल रंग फुटतो आणि पानाच्या शिरा दिसेनाशा होतात.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर एखाद्या वादळी रात्रीत मेपल रिकामे होतात आणि गर्दीही ओसरते. मला तेव्हा जायला फार आवडतं. कॉनवेच्या बाजूला, सखल भागात ओक तांबूस व्हायला लागलेले असतात. कोवळ्या बीचची पानं तर वाळली तरी गळत नाहीत, बर्फ पडल्यावरही फांद्यांना धरून असतात. शिवाय गाडी लावायला जागा कुठेही मिळते.